उतरायचं कुठे?

मुंबईत उतरण्यासाठी स्वस्त हॉटेल शोधायला निघालेल्या माणसाची पहिली फसगत शब्दच करतो. मराठी माणूस हॉटेलात जातो तो खायला. हायवेवरच्या 'हॉटेल' अशा पाटीखाली गाडी थांबवून कुणी रात्रीपुरती खोली मागितली, तर गल्ल्यावरचा माणूस आधी पाण्याचा ग्लास पुढे करील आणि मग मिसळ तिखट हवी की मध्यम ते विचारील. झोपायच्या जागेला आपल्याकडे वेगळा शब्द होता, लॉज. पाटीवर त्याचं पूर्ण नाव 'लॉजिंग-बोर्डिंग' असं असे. पुढे या बिचाऱ्या शब्दाचं चारित्र्य बिघडलं. 'कामानिमित्त मुंबईला गेलो होतो, दोन दिवस लॉजवर राहिलो,' असं एखादा सज्जन चारचौघांत बोलून गेला, की ऐकणाऱ्यांच्या भुवया त्याच्या कामाबद्दल भलताच अंदाज बांधतात. म्हणून लॉजवाल्यांनी पाट्या बदलल्या. आता तिथे 'गेस्ट हाऊस', 'इन', 'रेसिडेन्सी', 'ग्रँड', 'पॅलेस' असे शब्द झळकतात आणि या बारशाचा एकच नियम दिसतो: खोली जितकी लहान, तितकं नाव मोठं. 'रॉयल' असेल तर बॅग पलंगावर ठेवावी लागते. 'ग्रँड रॉयल' असेल तर बॅग पलंगावर आणि माणूस पॅसेजमध्ये.

लोकांचा समज असा की स्वस्त हॉटेल मुंबईत कुठेतरी नक्की आहे, फक्त आपल्याला सापडत नाही. ते कुणा जाणकाराला ठाऊक असतं, दादरच्या एखाद्या बोळात असतं, नाहीतर मोबाईलवर सतराव्या पानावर असतं. हा समज आधीच मोडून टाकलेला बरा. मुंबईत जे स्वस्त आहे ते हॉटेल नाही आणि जे हॉटेल आहे ते स्वस्त नाही. या शहराची ख्याती अशी की ते कुणाला काही विचारत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणाऱ्याला कुणी जात विचारत नाही, नोकरी देणारा कुळ काढत नाही, वडापाव देणारा तर तोंडाकडेही बघत नाही. पण पाठ टेकायची वेळ आली की हेच शहर अचानक गावच्या पारावरच्या म्हाताऱ्यासारखं डोळे बारीक करतं आणि विचारतं, 'तुम्ही कुणाचे?' या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याला मुंबईत आजही जवळजवळ फुकट झोपता येतं. ज्याच्याकडे नाही, त्याने हॉटेलात जावं. हॉटेलचं भाडं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा दंड.

पुराव्यासाठी लांब जायला नको. धोबीतलावला जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात गोव्यातल्या वेगवेगळ्या गावांचे कूड आहेत. बाहेरचे लोक त्यांना क्लब म्हणतात. बोटीवर नोकरी करणारा गोंयकार खलाशी मुंबईला यायचा, पुढची बोट मिळेपर्यंत आपल्या गावाच्या कुडात राहायचा, भिंतीशी आपली पेटी ठेवायचा आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर वेदीसमोर उभा राहून तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणायचा. भाडं नाममात्र. समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शहराच्या ऐन मध्यात, इतकी स्वस्त खाट कशी परवडली? कारण ती खाट विकायला ठेवलेलीच नव्हती. ती गावाची होती, आणि गावचा नसलेल्या माणसाने तिजोरी ओतली तरी त्याला ती मिळाली नसती. गिरणगावात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या माणसांनी हेच केलं. लालबाग-परळच्या चाळीत गावकीची एक खोली, दहा बाय बाराची. तिच्यात पंधरा-वीस ट्रंका, खुंट्यांवर तेवढेच सदरे आणि जमिनीवर पाळीपाळीने झोप. रात्रपाळीचा गडी सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याने रिकामी केलेल्या जागेवर आपली वळकटी पसरायचा. आज विमानतळाजवळची हॉटेलं तासांच्या हिशेबाने खोली देतात आणि ही फार आधुनिक कल्पना असल्याचं सांगतात. गिरणगावात ती बिनबोभाट चालू होती, फक्त तिची जाहिरात कुणी केली नव्हती. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, ट्रंका कमी झाल्या, पण अशा काही खोल्या अजून आहेत, आणि तिथे दाराशी विचारला जाणारा प्रश्नही तोच आहे: 'कोणाचो रे तू?'

धर्मशाळांचंही तेच. सी. पी. टँकच्या परिसरात माधवबाग, हिराबाग यांच्या आसपास एकेकाळी अख्खा हिंदुस्थान उतरत असे. ज्या शेटजींनी धर्मशाळा बांधली, त्यांच्या जातीचा, पंथाचा किंवा निदान आहाराचा माणूस असला की काम भागायचं. बाकीच्यांना कांदा-लसूण आडवा यायचा. मुंबईत कांद्याने सरकारं जितकी हलवली असतील, त्याहून जास्त प्रवासी धर्मशाळेच्या पायरीवरून माघारी धाडले असतील. यावर कुणी सरदारगृहाचं उदाहरण देईल. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही उतरण्याची जागा चांगली नावाजलेली होती. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे मुक्काम करत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधनही तिथेच झालं. म्हणजे पैसे मोजून सन्मानाने राहण्याची सोय मुंबईत होतीच की! होती. पण पाहुणा टिळक असला की 'तुम्ही कुणाचे' हा प्रश्न आपोआप निकालात निघतो. त्या उदाहरणावरून सांगोल्याच्या एखाद्या शिक्षकाला काय भाव मिळाला असता, याचा अंदाज बांधता येत नाही.

सांगोल्याच्या शिक्षकासाठी लोकशाहीने आमदार निवास निर्माण केलं. मंत्रालयाच्या पंचक्रोशीतल्या या इमारतींमध्ये खोली आमदाराच्या नावाने असते आणि झोपतो मतदारसंघ. पलंगावर जिल्हा परिषद, खाली सतरंजीवर पंचायत समिती, दाराशी चपलांजवळ ग्रामपंचायत, अशी त्रिस्तरीय रचना तिथे रात्री अकरानंतर प्रत्यक्ष बघायला मिळते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ती इतकी स्पष्ट कधीच होत नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक मतदानाची कारणं शोधताना जात, पैसा, विकास यांचे तक्ते मांडतात. आमदार निवासातल्या सतरंजीचा रकाना त्यांनी घातला पाहिजे. बदलीचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला मंत्रालयाच्या हाकेच्या अंतरावर फुकट पाठ टेकता येणं, याचं मोल दक्षिण मुंबईच्या दराने केलं तर एका मताला इतका भाव कुणीच दिलेला नाही. मात्र इथेही 'तुम्ही कुणाचे' चुकत नाही. उलट इथे उत्तर पाच वर्षांनी बदलूही शकतं.

आणि नातेवाईक? हा तर सगळ्यांत मोठा आक्षेप. 'हॉटेलात कशाला? डोंबिवलीला आत्या आहे ना,' हे वाक्य महाराष्ट्रात इतक्यांदा बोललं गेलं आहे की मुंबईतल्या हॉटेल व्यवसायाचा खरा प्रतिस्पर्धी कुठली परदेशी कंपनी नसून डोंबिवलीची आत्या आहे. पण आत्याकडे उतरणं स्वस्त आहे, हा हिशेबातला घोटाळा आहे. रिकाम्या हाताने जाता येत नाही, म्हणून निघताना पेढे, तांदूळ, कोकम, मोसमात असलं तर आंब्याची पेटी. ती पेटी डोंबिवलीच्या फलाटावरून रिक्षापर्यंत नेणारा हमाल. रात्री साडेदहापर्यंत आत्येभावाच्या मुलाचे दहावीचे गुण, त्याच्या मित्राचे गुण आणि दोन्हींमधला फरक ऐकून घेणं. सकाळी घरातली चार माणसं सातची लोकल पकडायला बाथरूमच्या रांगेत उभी असताना 'माझी काही घाई नाही' असं म्हणत पोटावर हात ठेवून बसणं. हेही सोडून देऊ. खरी वसुली मे महिन्यात होते. डोंबिवलीत काढलेल्या दोन रात्रींच्या बदल्यात आत्याचं सगळं घर कणकवलीला वीस दिवस राहून जातं. दोनाला वीस! एवढ्या व्याजाने सावकारही कर्ज देत नाही. आत्या देते, आणि वर 'आपलंच घर समजा' म्हणते.

म्हणून शेवटी स्वाभिमानी माणूस ठरवतो की उपकार नकोत, आपण पैसे मोजू. इथे त्याची गाठ गणिताशी पडते, आणि हे गणित लॉजमालकाच्या हावेपेक्षा जास्त निर्दय आहे. समजा, खोली फक्त शंभर चौरस फुटांची आहे. जागेचा भाव चौरस फुटाला ३०,००० रुपये धरू. दादर-परळच्या मानाने हा आकडा लाजून मान खाली घालील. खोलीची किंमत झाली ३० लाख. त्यावर वर्षाला आठ टक्के व्याज धरलं तर २ लाख ४० हजार, म्हणजे रोजचे सुमारे ६५७ रुपये. यात जिना नाही, पॅसेज नाही, लिफ्ट नाही, वीज नाही, चादर धुणारा नाही, रात्री दोन वाजता दार उघडणारा पोऱ्या नाही. शिवाय खोली रोज भरत नाही. शंभरातले पासष्ट दिवस भरली, तर नुसत्या जमिनीचं व्याज भागवायला प्रत्येक भरलेल्या रात्रीमागे हजाराच्या वर रुपये गेले. म्हणजे पाहुण्याने पलंगावर बसण्याआधीच हजार रुपये फरशीला दिलेले असतात. 'साधी खोली दोन हजाराला? लुटतात हो!' असं म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं की लुटणारा काउंटरपाशी बसलेला नसून काउंटरच्या खाली आहे.

त्या फरशीवर जे उभं राहतं, ते एकदा नीट बघण्यासारखं असतं. पलंग तीन बाजूंनी भिंतींना टेकलेला, त्यामुळे त्यावर पायथ्याकडून चढावं लागतं, होडीत चढल्यासारखं. खिडकी असते, पण ती डक्टमध्ये उघडते. तिच्यातून वर पाहिलं तर आकाशाऐवजी वरच्या मजल्याचा एसी गळताना दिसतो. बाथरूममध्ये बेसिन, कमोड आणि शॉवर एकाच चौरसात नांदतात, त्यामुळे माणसाच्या आंघोळीत तिघांचीही आंघोळ होऊन जाते. गीझरवर कागद चिकटवलेला: 'सकाळी ६ ते ९'. रिमोटच्या पाठीला रबरबँड. स्विचबोर्डवर नऊ बटणं, त्यांतली चार नेमकी कशाची आहेत हे मालकालाही सांगता येणार नाही. पाचवं दाबलं की पॅसेजमधून कुणीतरी ओरडतं. आणि हे सगळं ताब्यात मिळण्याआधी काउंटरवरचं ते लांबलचक रजिस्टर. नाव, गाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात सगळ्यांत वर कुणीतरी 'पर्सनल वर्क' लिहिलेलं असतं आणि त्याखाली सबंध पानभर नुसती वरीलप्रमाणेची टिंबं. हिंगोलीचा बियाणेविक्रेता, सुरतेचा साडीवाला, मुलाखतीला आलेला मुलगा, सगळे एकाच पर्सनल वर्कला आलेले. नंतर आधारकार्ड, त्याची झेरॉक्स, झेरॉक्सवर सही. दंड भरला तरी प्रश्न सुटत नाही तो असा. त्यातही गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी मुंबईचा पत्ता असलेलं कार्ड चालतच नाही. 'लोकल आयडी नॉट अलाऊड.' माणूस कुठला तरी असलाच पाहिजे, पण इथला असता कामा नये.

मोबाईलवाल्यांचं यावर म्हणणं असं की हे सगळं जुनं झालं. आता अॅप आहेत, तिथे पंधराशेची खोली आठशेला पडते. पडते खरी. पण आठशे हा त्या खोलीचा पडद्यावरचा भाव असतो. बोट लावलं की कर येतो, मग सुविधा शुल्क येतं, मग 'या किमतीत फक्त १ खोली शिल्लक' अशी तांबडी धमकी येते. फोटो ज्या भिंगातून काढलेला असतो, ते भिंग भाड्याने मिळालं तर मुंबईतला निम्मा जागेचा प्रश्न सुटेल. उरले अभिप्राय. ते वाचायची एक विद्या आहे. 'लोकेशन उत्तम' म्हणजे खोलीत थांबू नका. 'स्टाफ चांगला आहे' म्हणजे बाकी काहीच चांगलं नाही, आणि स्टाफबद्दलही लिहिणाऱ्याला दया आली आहे. 'पैशाच्या मानाने ठीक' असं असलं की चादर घरून न्यावी. सरकारनेही या स्वस्ताईची आपल्या परीने दखल घेतली आहे. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२पासून तिच्यावरही १२ टक्के लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा दर ५ टक्क्यांवर आला. लहान गावांतल्या लॉजवाल्यांना या चढउताराचं सुखदुःख झालं असेल. मुंबईत हजाराखालच्या खोलीवर कर बसला काय नि उतरला काय, दुसऱ्याच्या गोठ्यातल्या म्हशीला किती दूध आलं, इतकीच ती बातमी.

दुसरा सल्ला व्यवहारी लोकांचा: मुंबईत राहूच नका, वाशी, ठाणे, कल्याण, वसईला राहा आणि लोकलने या. लोकलचं तिकीट अजूनही जगातल्या स्वस्तांत स्वस्त गोष्टींपैकी आहे, हे निर्विवाद. पण हा सल्ला देणारा माणूस सकाळी साडेआठला कल्याणच्या फलाटावर बॅग घेऊन कधी उभा राहिलेला नसतो. कल्याणहून सीएसएमटी पन्नासेक किलोमीटर. फास्ट लोकलला तास-सव्वातास लागतो, आणि त्या वेळात प्रवाशाची इस्त्री, बॅगेची चेन आणि मनुष्यजातीवरचा विश्वास, तिन्ही गोष्टी एकदम उसवतात. वाचवलेले आठशे रुपये डब्यातच खर्ची पडतात, फक्त पावती मिळत नाही. मुलाखतीला आलेला मुलगा घामाने भिजून नरिमन पॉइंटला पोचला आणि तिथल्या एसीत पहिल्या प्रश्नालाच शिंकला, तर त्या शिंकेची किंमत खोलीच्या भाड्यात धरायला हवी.

मग कुणी जपानचा दाखला देतो. जपानसुद्धा महाग, जागेची तिथेही मारामार; पण त्यांनी १९७९ साली ओसाकात पहिलं कॅप्सूल हॉटेल काढलं आणि माणसाला कप्प्यात घालून प्रश्न सोडवला. आपल्याला काय झालं? आपल्यालाही काही झालेलं नाही. मुंबई सेंट्रल स्टेशनात नोव्हेंबर २०२१मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं: ४८ कप्पे, सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ रुपये. पुढे सीएसएमटीलाही तशी सोय झाली. कल्पना चांगली आहे, स्वच्छ आहे, आणि ज्याने आयुष्यभर स्लीपरच्या अप्पर बर्थवर गुडघे पोटाशी घेऊन झोप काढली, त्याला कप्पा म्हणजे बंगला वाटतो. पण २०११च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात लोकसंख्या भरलेल्या शहरात ४८ कप्पे म्हणजे तांदळाच्या पोत्यातले निवडलेले खडे. शिवाय जपानी कप्प्याचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे शेवटची गाडी चुकलेला नोकरदार. मुंबईत शेवटची लोकल मध्यरात्र उलटल्यावर सुटते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास. मधल्या साडेतीन तासांसाठी हजार रुपये मोजणारा माणूस मराठी घरात जन्माला येणं कठीण. तो बाकावर बसतो, बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळतो आणि सकाळी घरी सांगतो की झोप छान लागली.

परदेशी पोरं मात्र कुलाब्यात दिवसचे दिवस स्वस्तात कशी राहतात, हाही प्रश्न विचारला जातो. त्याचं उत्तर ताजच्या पाठीमागच्या रस्त्यावर आहे. १९०३ साली उघडलेल्या त्या भव्य हॉटेलच्या सावलीत साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड हाऊस आहे, आणि पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे प्रवासी तिथल्या सामायिक खोलीत एका खाटेपुरते पैसे देऊन वर्षानुवर्षं उतरत आले आहेत. पण ते हॉटेल नव्हे. ते एका धर्मादाय मिशनचं अतिथिगृह आहे. म्हणजे फिरून तेच: शहरातली स्वस्त खाट शोधत गेलं की शेवटी भेटतो तो एक गाव, एक जात, एक आमदार, एक आत्या किंवा एक देव. व्यापारी कुठेच भेटत नाही, कारण शंभर चौरस फुटांचं ते गणित त्याने आपल्या आधीच करून ठेवलेलं असतं.

महाराष्ट्राने या पेचावर काढलेला तोडगा मात्र खरोखर दाद देण्यासारखा आहे, आणि तो कुणी ठरवून काढलेला नाही. मुंबईत मुक्कामच करायचा नाही! कोल्हापूरहून महालक्ष्मी, गोंदिया-नागपूरकडून विदर्भ, कोकणातून कोकणकन्या. रात्रभर झोपून सकाळी मुंबई. स्टेशनवरच तोंड धुणं, कपडे बदलणं, एक कटिंग. दिवसभर मंत्रालय, हायकोर्ट, इस्पितळ, मुलाखत, मंगलदास मार्केट. संध्याकाळी फलाटावर परत, रात्रीच्या गाडीने घर. कोल्हापूरच्या स्लीपरच्या तिकिटाला साडेतीनशेच्या आसपास रुपये पडतात, आणि त्यात झोप आहे, पंखा आहे, पहारा आहे, वर पाचशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास फुकट आहे. तीच पाठ मुंबईत न हलणाऱ्या पलंगावर टेकवायला चौपट-पाचपट पैसे. चालता पलंग स्वस्त आणि थांबलेला महाग, कारण चालत्या पलंगाखालची जमीन दर सेकंदाला बदलते आणि कुठल्याच जमीनमालकाला त्याच्याकडून व्याज वसूल करता येत नाही. काम परवावर गेलं, तर रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला जाऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत येणं हे मुंबईत राहण्यापेक्षा स्वस्त पडतं, असा हिशेब एखादा सांगलीकर मांडून दाखवील. तो वेडा नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे.

ज्याला रात्री परत जाता येत नाही, त्याच्यासमोर मात्र हा विनोद थांबतो. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१पासून उभं आहे आणि तिथे साऱ्या देशातून माणसं येतात. केमोच्या एका फेरीनंतर दुसरी फेरी तीन आठवड्यांनी, अशा सहा-आठ फेऱ्या. मधले दिवस कुठे काढायचे? बिहारच्या माणसाला महालक्ष्मी एक्स्प्रेसचा काय उपयोग? अशांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि हातात झाडू घेतलेल्या त्या माणसाला 'तुम्ही कुणाचे' या प्रश्नाचा किती तिटकारा होता, ते वेगळं सांगायला नको. त्यांच्या नावाने चाललेल्या जागेत विचारतात ते इतकंच: हॉस्पिटलची फाइल आणली का? पण खाटा मोजक्या आणि फाइली अगणित. जागा न मिळालेली माणसं हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहतात. तिथे भाडं नाही. तिथे येण्याचं कारणही कुणी विचारत नाही.

'मग जागाच नाही तर करणार काय?' असं कुणी म्हणेल. जागा आहे, ती कुणाला द्यायची हे ठरलेलं आहे. सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या बिल्डरला जादा चटई क्षेत्र, ही तरतूद मुंबईच्या नियमावलीत झाली, आणि मजल्यावर मजले चढवून गाड्यांची राहण्याची सोय झाली. गाडीला कुणी विचारत नाही तू कुणाची. तारांकित निवासी हॉटेलांना जादा चटई क्षेत्र देण्याची तरतूदही नियमावलीत आहे. म्हणजे चार चाकं असली किंवा तीन-चार तारे असले तर मुंबईत रात्र काढायला नियम वाकतात. फक्त दोन पाय आणि एक पिशवी घेऊन आलेल्यासाठी, साध्या स्वच्छ खाटांच्या इमारतीसाठी, तीच सवलत महापालिकेने द्यावी. पर्यटनाच्या नावाने द्यावी, आरोग्याच्या नावाने द्यावी, फार तर पिशवीला वाहन समजून द्यावी.

ते होईपर्यंत ज्यांचं मुंबईत काम निघालं असेल, त्यांनी आधी परतीचं तिकीट काढावं. महालक्ष्मी सीएसएमटीवरून रात्री आठनंतर सुटते. खोली घ्यायचीच असेल, तर सकाळी सात वाजता बॅग घेऊन काउंटरपाशी जाऊ नये. चेक-इन बाराला आहे.